बीड ते विमानतळ, हिवरपिंपळमार्गे

फूटपट्टीवर दहा सेंटिमीटर आणि आठ मिलिमीटर.

माळावर चुन्यानं आखलेला मोठा गोल. गोलात चार म्हशी.

झेंडूच्या हाराची व्हिडिओ कॅसेट. हार घालणाऱ्याच्या डोक्यामागे भिंतीवरचं घड्याळ, तीनला दहा कमी.

गाडीच्या पुढच्या दिव्याच्या काचेचे सात तुकडे, पत्र्याच्या डबीत. डबीवर लाखेचं सील.

डांबराचं रिकामं पिंप. तळाशी बोटभर काळं, उन्हात मऊ पडणारं.

पाटी: 'काउंटर उड्डाणापूर्वी तीस मिनिटे बंद होईल.'

शाईचा पॅड, जांभळा.

*

“घड्याळं मिळवून घ्या,” अ‍ॅडव्होकेट पिंगळीकर म्हणाल्या.

बावीस डिसेंबर अठ्ठ्याण्णव, मंगळवार. बीडमधल्या एका सभागृहासमोर पांढरी अ‍ॅम्बॅसिडर उभी होती आणि आम्ही पाच जण मनगटं पुढे करून उभे होतो, राखी बांधून घ्यायला आल्यासारखे. पिंगळीकर मॅडम आरोपीच्या वकील. वय माझ्याएवढंच, बत्तीस-तेहतीस. गळ्यात दोरीला बांधलेलं शर्यतीचं घड्याळ. फौजदार नागरगोजे तपास अधिकारी. रज्जाकभाई गाडीचे मालक आणि तेच ड्रायव्हर. आघाव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, पंच क्रमांक एक. पंच क्रमांक दोन मी. कुलथे, कनिष्ठ अभियंता. हिवरपिंपळचा रस्ता माझ्याकडे होता म्हणून कोर्टानं खात्याकडे माणूस मागितला आणि खात्यानं मला पाठवलं.

“मला एकदा नीट सांगा,” गुरुजी म्हणाले, “आपण चाललोय कशासाठी? मी सही करणार तर मला कळलं पाहिजे.”

“गुरुजी, गेल्या वर्षी अकरा फेब्रुवारीला इथं कार्यक्रम होता,” नागरगोजे म्हणाले. “मुंबईचे एक उद्योगपती आले होते. सरनोबत. पाइपांचा कारखाना आहे त्यांचा. हार घेतला, भाषण केलं आणि बरोब्बर तीनला इथून एकटेच गाडी घेऊन निघाले. औरंगाबादहून संध्याकाळच्या विमानानं मुंबईला गेले. मधे हिवरपिंपळच्या रस्त्यावर एका आठ वर्षांच्या पोरीला उडवलं आणि थांबलेही नाहीत.”

“असं फौजदारसाहेबांचं म्हणणं,” मॅडम म्हणाल्या. “आमचे अशील हिवरपिंपळला गेलेच नाहीत. ते हायवेनं गेले. बीड ते विमानतळ हायवेनं एकशे तीस किलोमीटर. हिवरपिंपळमार्गे एकशे बावन्न, आणि त्यातले अठरा किलोमीटर म्हणजे नुसते खड्डे. विमान सहा पस्तीसचं, काउंटर बंद होणार सहा-पाचला, आणि त्यांनी विमान पकडलं याबद्दल कुणाचाच वाद नाही. मग तीनला निघालेला माणूस त्या रस्त्यानं सहा-पाचला पोचेल कसा?”

“पोचेल.”

“तेच आज बघायचंय. पोचलो तर खटला चालेल. नाही पोचलो तर अशील सुटतील. कोर्टाचा हुकूम एवढाच आहे.”

“पण अंतर आधी मोजलं नव्हतं का कुणी?” गुरुजींनी विचारलं.

नागरगोजे गाडीच्या टपाकडे बघू लागले. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, “मोजलं होतं ना. फौजदारसाहेबांनी. नकाशावर फूटपट्टी ठेवून.”

तो किस्सा सगळ्या जिल्ह्यात झाला होता. दोषारोपपत्रात नागरगोजेंनी बीड ते औरंगाबाद अंतर एकशे आठ किलोमीटर लिहिलं होतं. फूटपट्टीवरचे दहा पूर्णांक आठ, गुणिले दहा. न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं होतं, “फौजदार, आरोपी उडत गेला का?”

“हवाई अंतर तेवढंच आहे,” नागरगोजे पुटपुटले. “ते काही चुकीचं नव्हतं.”

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “तीन.”

*

किलोमीटर ०. तीन वाजता.

मी मागच्या सीटवर मधे. डाव्या खिडकीशी गुरुजी, मांडीवर वही. उजवीकडे मॅडम. पुढे फौजदार.

“त्या दिवशी गाडीत एक माणूस होता,” गुरुजी म्हणाले. “आज पाच. वजनाचं काय करायचं?”

“तुमचं वजन ते काय, गुरुजी,” रज्जाकभाई म्हणाले. “तुम्ही आणि तुमची वही मिळून पाऊण माणूस. बाकी साहेब आहेत म्हणा.” नागरगोजेंचं पोट डॅशबोर्डला टेकलं होतं. ते हसले नाहीत.

सकाळी मोठ्या साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं होतं. आमचे कार्यकारी अभियंता. अंघोळ करून नुकतेच बाहेर आले होते, कपाळाला गंध ओलं.

“कुलथे, तुला किलोमीटर मोजायचेत. बाकी जे विचारतील त्याला रेकॉर्ड उत्तर देईल. तू नाही.”

“हो साहेब.”

“हिवरपिंपळच्या कामाच्या मोजमाप पुस्तकात अकरा जणांच्या सह्या आहेत. बुडायचं झालं तर एकटा बुडणार नाहीस, हे लक्षात ठेव. चहा घेणार?”

मी चहा घेतला होता.

गाडी वेळेत पोचावी असं त्या गाडीत सगळ्यांत जास्त मला वाटत होतं. नागरगोजेंपेक्षाही जास्त. गाडी सहा-पाचच्या आत पोचली असती तर मला कुणी काही विचारलं नसतं.

*

किलोमीटर ३५. तीन अडतीस.

गेवराई. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या वळणावर आडव्या. रज्जाकभाईंनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

“हा वेळ वजा करायचा का?” गुरुजींनी पेन्सिल उचलली.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “ट्रॅक्टर त्या दिवशीही असतील. फेब्रुवारीत कारखाने चालूच असतात.”

“मॅडम, तुम्ही कुठल्या?” नागरगोजेंनी न वळता विचारलं.

“परभणीच्या.”

“मग उसाचं तुम्हाला काय माहीत?”

“तुम्हाला रस्त्याचं जेवढं माहीत तेवढं.”

रज्जाकभाई खो खो हसले. गाडीला गॅप मिळाली आणि ती सुटली. मी त्यांच्या खांद्यावरून काटा बघत होतो. पासष्ट. सत्तर. बाहत्तर. मनात आकडेमोड चालू होती. फाट्यापर्यंत एकसष्ट किलोमीटर. शेवटचे त्र्याहत्तर किलोमीटर बरे आहेत, सव्वा तास धरू. मधले अठरा. सगळा हिशेब त्या अठराशी येऊन अडकत होता. चोवीस मिनिटांत झाले तर पावणेसहाला विमानतळ. पंचेचाळीस मिनिटं लागली तर सहा-पाचची पाटी डोळ्यांसमोर.

शहागडचा पूल आला. गोदावरीत पाणी होतं. गुरुजींनी पेन्सिल खिशात ठेवून हात जोडले आणि पुन्हा पेन्सिल काढली.

*

किलोमीटर ६१. चार वाजून आठ मिनिटं.

सावरगाव फाटा. इथं हायवे सोडायचा. फाट्यावर बाभळीखाली डांबराचं रिकामं पिंप पडलेलं होतं. पावसानं गंजलेलं, त्यावर कुणीतरी निवडणुकीचं चिन्ह रंगवलेलं.

“इथून तुमचं राज्य, कुलथे,” नागरगोजे म्हणाले.

पहिल्या खड्ड्यात गाडी अशी आपटली की गुरुजींची वही पायाशी गेली.

“या अल्ला,” रज्जाकभाई म्हणाले. “हा रस्ता आहे का चाळण?”

दोन पावसाळ्यांनी वरचं सगळं नेलं होतं. मधे मधे काळे तुकडे उरले होते, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखे, आणि बाकी खडी. काटा वीसवर आला. पंधरावर आला.

“डावीकडून घ्या,” मी म्हणालो. “पुढच्या मोरीपर्यंत डावी बाजू बरी आहे.”

रज्जाकभाईंनी घेतली. काटा तीसवर गेला.

“आता मधे या. बाभळ दिसली की परत डावीकडे. तिथं मोठा आहे.”

“कुलथे,” मॅडम म्हणाल्या. आवाज वाढवला नव्हता. “पंचांनी ड्रायव्हरला रस्ता दाखवायचा नसतो. आमचे अशील मुंबईचे. त्यांच्या शेजारी खड्डे पाठ असलेला इंजिनियर बसला नव्हता.”

“मी नुसतं...”

“लिहा गुरुजी. पंच क्रमांक दोन यांनी दोन वेळा सूचना दिली. समज देण्यात आली.”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं. हुशार विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा मारावा तसं, जिवावर येऊन.

आता मला सगळे खड्डे येण्याआधी दिसत होते आणि बोलता येत नव्हतं. रज्जाकभाई बाभळीजवळच्या मोठ्या खड्ड्यात सरळ गेले. खालून खाडकन आवाज आला. ते उतरले, वाकून पाहिलं, परत बसले. पन्नास सेकंद.

नागरगोजेंनी आरसा स्वतःकडे वळवला. त्यातून ते माझ्याकडे बघत होते.

“खड्डे बरे पाठ आहेत, कुलथे.”

“माझा सेक्शन आहे साहेब.”

“मग एक सांगा. दोन वर्षांत एवढी वाट लागायला मुळात वर काहीतरी असावं लागतं. हे काळं जे दिसतंय ते कधीचं?”

“रेकॉर्डला आहे.”

“रेकॉर्ड आम्ही मागवलंय,” मॅडम म्हणाल्या आणि पायाजवळची बॅग थोपटली.

*

किलोमीटर ७२. चार वाजून एकोणचाळीस मिनिटं.

हिवरपिंपळच्या अलीकडे, शाळेच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी होती. रज्जाकभाईंनी हॉर्न दिला. ती हलली नाही. गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली.

“कोण आहे ही?” मॅडमनी विचारलं.

“पोरीची आई,” नागरगोजे म्हणाले. “गयाबाई तुपे. मी बोलावलेली नाही. आईशपथ.”

मला ती कुणीही न सांगता माहीत होती. आमच्या रोजंदारीच्या गँगवर होती ती. अंगानं सडपातळ, डांबराची झारी धरावी तर तिनंच, रस्त्यावर धार अशी सारखी सोडायची की हात फिरवला तर उंचवटा लागू नये.

ती खिडकीशी आली. मॅडमकडे बघितलं, गुरुजींकडे, मग माझ्यावर नजर थांबली. पण बोलली फौजदारांशी.

“सायेब, म्या ऐकलं तुम्ही गाडी पळवून बघायलेत. आत्ता बघून काय उपेग? तव्हा रस्ता असा नव्हता.”

“कसा होता?”

“नवा. आरशावानी. म्हणून तर गाडीचा आवाज नाही आला पोरीला. खडीवरून गाडी आली की फर्लांगभरावरून कळतं. पोरं बाजूला व्हतात. त्या दिशी नुस्तं सुंसुं आलं न् गेलं. मी तिथं, त्या लिंबाखाली व्हते.”

नागरगोजे अर्धे बाहेर आले होते. “नवा म्हणजे? कधी झाला होता?”

“त्याच्या दोन दिस आधी. म्याच टाकलंय डांबर. सगळ्या गँगनं. मंत्री येणार व्हते न् पिंपळाच्या देवाला, या रस्त्यानं. रातीचा दिवस केला आमी. न् ते आले वरून, हेलिकाप्टरनं.”

गुरुजींची पेन्सिल थांबली होती. “हे लिहायचं का?” त्यांनी विचारलं.

“लिहा,” मॅडम म्हणाल्या. “सगळं लिहा. आणि वेळही लिहा, थांबल्यापासूनची. ती मी वजा धरते. मला फुकटची मिनिटं नकोत.” मग त्यांनी बॅग उघडली. घाई केली नाही. दोन कागद काढले, कोर्टाच्या शिक्क्यांचे. “गयाबाई, तुमचं लेकरू गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. मनापासून सांगते. पण हे बघा. हा हजेरीपट. या रस्त्याच्या डांबरकामाचा. हा अंगठा तुमचा?”

गयाबाईनं कागद हातात घेतला नाही. वाकून बघितलं.

“माझाच हाय.”

“पुढे नाव आहे, गयाबाई किसन तुपे. हजर, हजर, हजर. सात दिवस. महिना मार्च. पोर गेली फेब्रुवारीच्या अकराला. म्हणजे तुम्ही डांबर टाकलं ते पोर गेल्यावर, मार्चात. त्याआधी रस्ता खडीचाच होता.”

“मार्चात?” गयाबाई म्हणाली. “मार्चात म्या कुठं कामावर व्हते? मार्चात म्या अंथरुणाला खिळलेली. इचारा कुणालाबी.”

“मग अंगठा?”

गयाबाई स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिनं तो माझ्या दिशेनं केला. बोट नव्हे, अंगठाच.

“सायेबांना इचारा. सायेब व्हते. सायेबांनीच घेतले अंगठे.”

सगळे माझ्याकडे वळले. रज्जाकभाईसुद्धा. मॅडमच्या गळ्यातलं घड्याळ चालू होतं, त्याची टिकटिक मला मधल्या सीटवर ऐकू येत होती. शाळेच्या व्हरांड्यात मुलं पाढे म्हणत होती. एकोणीसचा पाढा चालू होता आणि कुणीतरी एक मूल सतत एक ओळ पुढे जात होतं.

“कुलथे,” नागरगोजे म्हणाले. आवाज एकदम मऊ. “रस्ता कधी झाला?”

“मोजमाप पुस्तकात...”

“पुस्तक बाजूला ठेवा हो. तुम्ही उभे होता ना रस्त्यावर? तुम्ही सांगा.”

“ऑब्जेक्शन वगैरे मी घेणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “हे कोर्ट नाही. सांगा तुम्ही. मलाही ऐकायचंय.”

आजही मला वाटतं, मॅडमना खरंच ऐकायचं होतं.

“मंजुरी मार्चमध्ये आली,” मी म्हणालो. “काम मार्चमध्ये झालं. एकतीस मार्चला पूर्ण. रेकॉर्ड बरोबर आहे.”

गयाबाई बाजूला झाली. रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, वाहतूक जाऊ द्यायला रस्त्यावरचा मैलकुली उभा राहतो तशी, अंग चोरून, हात मागे.

“तीन मिनिटं,” गुरुजी म्हणाले.

*

किलोमीटर ७९. पाच वाजून दोन मिनिटं.

ओढ्यानंतर रस्ता सुधारला. अठरा किलोमीटरना चोपन्न मिनिटं लागली होती. गयाबाईची तीन वजा जाता एक्कावन्न.

 रज्जाकभाईंनी काटा सत्तरवर नेला, पंचाहत्तरवर नेला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वळणावर समोरून एसटी आली, त्यांनी गाडी मातीत उतरवली आणि तशीच वर घेतली.

“रज्जाकभाई,” मॅडम म्हणाल्या, “आपल्याला जिवंत पोचायचंय.”

“मॅडम, आपण पोचू. तुम्ही घड्याळ बघा, मी रस्ता बघतो.”

“तुम्ही कुणाच्या बाजूचे?”

“मी डिझेलच्या बाजूचा.” गिअर बदलून ते म्हणाले, “मला तीन मुली आहेत.”

हायवेला लागलो तेव्हा पाच सव्वीस. मी हिशेब करणं थांबवलं होतं, पण तो होतच होता. एक्कावन्नच्या जागी चोवीस घातले की काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं उरत होती. वीस मिनिटांत माणूस गाडी थांबवून बोनेटवरची धूळ पुसू शकतो. तोंड धुऊ शकतो. चहा पिऊ शकतो.

आडूळला सूर्य टेकला. नागरगोजेंनी आरसा अजून माझ्यावरच ठेवला होता.

“कुलथे, लग्न झालंय?”

“हो.”

“मूल?”

“नाही अजून.”

“मी फूटपट्टी लावली,” ते म्हणाले. “अख्खा जिल्हा हसला मला. बायको हसली. पण मी कागदावर जे लिहिलं ते मला खरं वाटलं म्हणून लिहिलं.”

मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. कॉलरच्या आतली बाजू झिजली होती.

*

किलोमीटर १५२. सहा वाजून सोळा मिनिटं.

विमानतळाच्या दाराशी मॅडमनी घड्याळाचं बटण दाबलं. तीन वजा. सहा तेरा.

आत काउंटर होतं आणि काउंटरवर पाटी, आणि पाटीमागे कुणी नव्हतं. आठ मिनिटं उशीर. आम्ही पाचही जण पाटीसमोर उभे राहिलो, उशिरा आलेल्या प्रवाशांसारखे. एका माणसानं येऊन आम्हाला सांगितलं, “मुंबई क्लोज झाली. उद्या या.”

पंचनामा बाहेर, गाडीच्या बोनेटवर झाला. बोनेट तापलेलं होतं, कागदाखाली गुरुजींची वही ठेवावी लागली. नागरगोजेंनी मजकूर सांगितला, गुरुजींनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. अंतर. वेळ. थांबे. शेवटी मॅडम म्हणाल्या, “एक वाक्य घाला.”

गुरुजींनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: “घटनेच्या दिवशी सदर अठरा किलोमीटर रस्ता डांबरी नव्हता, असे पंच क्रमांक दोन यांनी स्वतःच्या माहितीवरून व रेकॉर्डवरून सांगितले.”

“स्वतःच्या माहितीवरून?” मी विचारलं.

“तुम्हीच सांगितलंत ना?” गुरुजी म्हणाले. चष्म्यावरून बघत. त्यांनी आयुष्यभर मुलांना हाच प्रश्न विचारला असेल. “काढू का ते शब्द?”

नागरगोजेंनी पेन माझ्यापुढे धरलं होतं. पलीकडे भिंतीमागे इंजिनांचा आवाज वाढत गेला, इतका की कुणाचंच काही ऐकू येईना. बोनेटवरचा कागद थरथरायला लागला. मी तो डाव्या हातानं दाबून धरला. धावपट्टीच्या टोकाशी विमान वर उठलं, लाल दिवा लुकलुकवत वळलं आणि मुंबईच्या दिशेला लागलं. आवाज विरला तेव्हा गुरुजी अजून वाट बघत होते.

“राहू द्या,” मी म्हणालो आणि सही केली.

मॅडमनी घड्याळ गळ्यातून काढलं, दोरी त्याच्याभोवती गुंडाळली. माझ्याशी हात मिळवला नाही. “मी हा खटला जिंकले,” त्या रज्जाकभाईंना म्हणाल्या, “तर मला परत बीडला सोडाल का?”

“सोडतो. पण हायवेनं.”

*

सरनोबत जानेवारीत सुटले. नागरगोजेंची बदली झाली, मग माझी. मी कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. माझ्या निरोपसमारंभात झेंडूचा हार होता आणि कुणीतरी व्हिडिओ काढला.

मध्यंतरी मुलगी गाडी चालवत होती, बीडहून औरंगाबादला. तिच्या फोननं दोन रस्ते दाखवले, एक निळा, एक करडा. करड्यावर हिवरपिंपळ होतं. “बाबा, हा बावीस किलोमीटरनं लांब आहे पण वेळ फार वेगळा नाही दाखवत. जायचं का इथून?”

“कुठल्या तारखेची वेळ दाखवतोय तो?” मी विचारलं.

“म्हणजे काय? आत्ताची.”

आम्ही निळ्यानं गेलो.

*

मंगळवार, अकरा फेब्रुवारी सत्त्याण्णव. सकाळचे नऊ. सावरगाव फाट्यावर, बाभळीखाली, पिंपावर पुठ्ठा टाकून मी गँगचे अंगठे घेत होतो. गयाबाईच्या रांगेत तिची मंजुळा उभी होती, दप्तर पाठीला, शाळेला अजून वेळ होता म्हणून गँगच्या ट्रकमधून आईबरोबर आलेली. पॅड तिनंच धरला होता. आईनं अंगठा टेकवला तेव्हा तिनं हजेरीपटाचा माथा एकेक अक्षर लावत वाचला, आणि मला म्हणाली, “सायेब, तुम्ही मार्च लिहिलंय. मार्च अजून आला नाही.”